राक्षस बेतायचा कसा? सिनेमासाठी फोमचा पोशाख करणाऱ्या नवख्यांसाठी

माझी आई ब्लाउज शिवायची. कापडाला कात्री लावण्याआधी ती गिऱ्हाइकाला हात वर करायला लावायची, खाली वाकायला लावायची आणि मगच मुंढ्याचं माप घ्यायची. पुढे मी सिनेमाच्या कला विभागात आले, सेट रंगवता रंगवता फोमचं काम शिकले आणि आईची ही सवय साफ विसरले. माझा पहिला राक्षस एका लघुपटासाठी होता. तोंड मी तीन आठवडे घडवलं होतं, सुळे एकेक घासले होते. एप्रिलच्या उन्हात विशीतला एक मुलगा तो पोशाख घालून उभा राहिला आणि त्याला हात खांद्याच्या वर नेता येईना. पंचवीस मिनिटांत तो खाली बसला. पाठीची चेन फोममध्ये अडकली होती, म्हणून छाती कापून त्याला बाहेर काढावं लागलं. तो सावरला, पण त्याचा तो लाल झालेला चेहरा मी विसरलेले नाही.

खाली लिहिलं आहे ते त्या दिवसानंतर शिकलेलं. फोमचा पोशाख दिसतो मूर्तीसारखा, पण काम आहे शिवणकामाचं. गणपतीची आरास किंवा गोव्यातला नरकासुर केलेल्या मंडळींना सांगाडा, पोत, रंग हे सगळं आधीच येत असतं. फरक एवढाच की नरकासुराच्या आत कुणी श्वास घेत नसतं.

१. आधी माणूस ठरवा, मग राक्षस

चित्र काढायला बसण्याआधी पोशाख कोण घालणार ते नक्की करा. दिग्दर्शक म्हणेल, "तुम्ही बनवा, माणूस नंतर बघू." इथे नम्रपणे, पण ठाम नकार द्या. १९५४च्या 'क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून' या सिनेमातला जलचर पाण्याखाली रिको ब्राउनिंग यांनी केला आणि जमिनीवर बेन चॅपमन यांनी. प्राणी एकच, पण अंगं दोन, म्हणून पोशाखही वेगवेगळे होते. त्याच वर्षीच्या 'गॉडझिला'चा पहिला पोशाख शंभर किलोंच्या आसपास गेला. आतले हारुओ नाकाजिमा त्यात जेमतेम चालू शकत होते, म्हणून दुसरा, हलका पोशाख करावा लागला. एवढ्या मोठ्या स्टुडिओला जे दुसऱ्यांदा करावं लागलं, ते आपण पहिल्यांदाच नीट करू.

कलाकाराशी एकट्यात, शांतपणे बोला. बंद जागेत घाबरायला होतं का, दमा आहे का, रबराची ॲलर्जी आहे का (फुगे फुगवताना ओठ सुजतात का, असं विचारलं की पटकन कळतं), चष्म्याशिवाय दिसतं का. उत्तरं लिहून घ्या. रबराची ॲलर्जी असेल तर लेटेक्स (राक्षसाच्या कातडीसाठी लावतात ते द्रव रबर) वापरायचंच नाही. "थोडंसं चालेल" ही तडजोड कधीही करू नका.

२. पटकथेतून कामांची यादी काढा

राक्षस नेमकं काय करणार? धावणार, जिना चढणार, कुणाला उचलणार, पाण्यात पडणार? प्रत्येक प्रसंगासमोर हालचाल लिहा आणि कॅमेरा किती जवळ येणार तेही लिहा. पाठ कधीच दिसणार नसेल तर पाठीवर आठवडा घालवू नका, तिथे कापड लावा म्हणजे हवा खेळेल. पाणी असेल तर हे आताच कळायला हवं. गादीचा फोम स्पंजासारखा पाणी पितो आणि भिजलेला पोशाख घालून माणूस उठूच शकत नाही. आग, फटाके, मशाली असतील तर दिग्दर्शकाला स्पष्ट सांगा की फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. असे प्रसंग राक्षस आणि आग वेगवेगळी चित्रित करूनच करायचे.

३. सामान आणि कागद

फोम दोन जातींचा लागतो. पहिला गादी-सोफ्याचा पॉलियुरेथेन फोम. तो मऊ, हलका, छिद्रांचा असतो आणि मांस, स्नायू, पोट यांसाठी वापरतात. दुसरा ईव्हीए, म्हणजे मुलांच्या खेळायच्या रंगीत चटया असतात त्या जातीचा. तो बंद पेशींचा, पाणी न पिणारा. खवले, शिंगं, नख्या, कवच यांसाठी तो बरा.

गादीचा फोम 'डेन्सिटी'वर विकतात: २३, २८, ३२, ४०. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. सहा फूट बाय तीन फूट, एक इंच जाडीची शीट २८ डेन्सिटीत साधारण १.२ किलो भरते, ४० मध्ये १.७ किलो. पोशाखाला अशा चार-पाच शीट सहज लागतात, तेव्हा फरक कलाकाराच्या खांद्यावर पडतो. दुकानदार "जास्त डेन्सिटी म्हणजे चांगला माल" म्हणेल. गादीसाठी ते खरं आहे. आपल्याला २३ किंवा २८ पुरे.

बाकीची यादी अशी:

- कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह, म्हणजे फेविकॉल एसआरसारखं किंवा चपला चिकटवायचं सोल्यूशन. पांढरा फेविकॉल इथे चालत नाही.
- तुटक पात्यांचा कटर आणि भरपूर जादा पाती, लांब दातेरी पावाची सुरी, दोन चांगल्या कात्र्या.
- डक्ट टेप, मास्किंग टेप, स्वयंपाकघरातली पारदर्शक क्लिंग फिल्म.
- द्रव लेटेक्स, टाल्कम पावडर, ॲक्रिलिक रंग, स्वस्त ब्रश, स्पंजाचे तुकडे.
- ताणणारं लायक्रा कापड, प्लास्टिकची जाड चेन, रुंद इलॅस्टिक, वेल्क्रो.
- हलकं सायकलचं हेल्मेट, पाच व्होल्टचे छोटे पंखे, पॉवर बँक.
- सेंद्रिय बाष्पासाठीच्या काडतुसांचा अर्धमुखी रेस्पिरेटर, हातमोजे, डोळ्यांचा चष्मा. कापडी किंवा कागदी मास्क गोंदाची वाफ अडवत नाही.

फोम सोफेवाल्यांना माल देणाऱ्या दुकानातून घ्या, हस्तकलेच्या दुकानातून नको. पंख्यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. हत्यारं आणि किरकोळ सामान पुण्याच्या बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. लेटेक्स औद्योगिक रबर-रसायनांच्या विक्रेत्याकडे मागा. साठ टक्के रबर असलेलं लेटेक्स हवं असं सांगा आणि पॅकिंगची तारीख बघा. जुनं लेटेक्स डब्यातच गोळे धरतं.

एका फाइलमध्ये चार कागद ठेवा: मापांचा तक्ता, प्रसंगांची यादी, कलाकाराच्या प्रकृतीची नोंद व लेखी संमती आणि खर्चाचा हिशेब. हिशेबात दहा दिवसांच्या सुकण्याचे पैसे आणि दिवस दोन्ही धरा.

४. मापं आणि टेपचा पुतळा

उंची, डोक्याचा घेर, मान, खांदे, छाती, कंबर, नितंब, मुंढा, दंड, मनगट, मांडी, पोटरी, पाऊल. यात एक माप नवखे हमखास विसरतात: खांद्यावरून निघून दोन पायांमधून पाठीमागून परत खांद्यापर्यंत, म्हणजे धडाचा पूर्ण उभा घेर. हे माप उभं राहून घ्या आणि उकिडवं बसवून पुन्हा घ्या. दोन्हींत जो फरक येईल तेवढी ढील पोशाखात नसेल तर राक्षस वाकला की शिवण उसवणारच.

मग पुतळा. कलाकाराला जुना घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालायला द्या, त्यावर क्लिंग फिल्म आणि तिच्यावर डक्ट टेपचे तुकडे दोन-तीन थरांत. टेप गुंडाळायची नाही, हातभर लांबीचे तुकडे चिकटवत जायचं. गुंडाळली की छाती आवळते आणि पुतळा खऱ्या अंगापेक्षा बारीक होतो. गळा आणि चेहरा यांना टेप लावायचीच नाही. गुडघे ताठ करून उभं राहिलं की भोवळ येते, म्हणून मधूनमधून हलायला सांगा आणि पाऊण तासात काम उरका. पाठीतून बोथट टोकाच्या कात्रीनं कापा, कलाकाराला मोकळं करा, कवच पुन्हा जोडा, आत चिंध्या आणि वर्तमानपत्र ठासा. आता तुमच्याकडे न थकणारं अंग आहे.

५. मातीचं छोटं रूप आणि त्यावरून बेत

राक्षस मातीत किंवा प्लॅस्टिसिनमध्ये एक-षष्ठांश आकारात घडवा. १८० सेंटीमीटरच्या माणसाचा ३० सेंटीमीटरचा पुतळा होतो. त्याच्या अर्ध्या अंगावर क्लिंग फिल्म, वर मास्किंग टेप. आता पेननं शिवणी आखा. स्नायू जिथे वळतो तिथे रेघ, पोट जिथे फुगतं तिथे टक्स, म्हणजे पाचरीच्या आकाराचा काप. प्रत्येक रेघेवर आडव्या खुणा करा आणि तुकड्यांना क्रमांक द्या: डावी मांडी १, डावी मांडी २. रेघांवरून कापलं की टेप सपाट पडते. सपाट पडत नसेल तर आणखी एक टक्स हवा. ब्लाउजच्या कटोरीचं गणित हेच आहे. एकदा ते हातात बसलं की कुठलाही गोल आकार सपाट शीटमधून काढता येतो. हे तुकडे कागदावर लांबी-रुंदीनं सहापट करा, आरशासारखे उलटे करून उजवी बाजू मिळवा. हे कागदी तुकडे म्हणजेच बेत.

इथेच सगळ्यात मोठा सापळा आहे: फोमची जाडी. छाती ३८ इंच असेल आणि तिच्याभोवती एक इंचाचा फोम आला, तर बाहेरचा घेर ४४ इंचांच्या वर जातो. फोम वळतो तेव्हा आतली बाजू दबते, बाहेरची ताणते आणि मधली तेवढी खऱ्या लांबीची राहते. म्हणून तुकडा ३८ चा कापायचा नाही, साधारण ४१ चा कापायचा. वर दोन इंच हालचालीची ढील. माझ्या पहिल्या पोशाखात मी ३८ चाच कापला होता. तो मुलगा श्वास घेऊ शकत नव्हता त्याचं अर्धं कारण हे तीन इंच होते.

आधी जाड कागदाचा किंवा जुन्या चादरीचा कच्चा पोशाख करून कलाकाराच्या अंगावर चढवून बघा. हे पाऊल कंटाळवाणं आहे आणि मी ते कधीही गाळत नाही.

६. कापणं

बेत फोमवर मार्करनं उतरवा, खुणांसकट. पातं नवीन हवं आणि लांब बाहेर काढलेलं हवं. एकाच ओढीत कापायचं, करवतायचं नाही. जाड फोमला दातेरी सुरी हलक्या हातानं चालवा, दाबलात तर कड वाकडी येते. दोन तुकडे वळणावर जोडायचे असतील तर कड तिरकी कापा, म्हणजे सांधा आत वळतो आणि बाहेर फट राहत नाही.

तापलेल्या तारेनं थर्माकोल कापणाऱ्यांना तीच तार इथे वापरायचा मोह होतो. पॉलियुरेथेनवर ती लावू नका. त्यातून निघणारा धूर फुफ्फुसांसाठी घातक असतो.

सुरकुत्या आणि स्नायूंच्या खळ्या कात्रीच्या टोकानं चिमटे घेत कोरायच्या. थोडं कापा, मागे सरका, लांबून बघा. काढलेला फोम परत बसवता येतो, पण जोड कॅमेऱ्याला दिसतो.

७. चिकटवणं

दोन्ही कडांना गोंदाचा पातळ हात द्या आणि थांबा. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावून बघा. गोंद बोटाला लागला नाही तरच जोडा. पावसाळ्यात हा वेळ दुप्पट धरा. ओला गोंद जोडला तर सांधा सरकतो आणि दुसऱ्या दिवशी उघडतो. सुकल्यावर जोडला की क्षणात धरतो, मग हलवता येत नाही. म्हणून आडव्या खुणा जुळवत, दोन बोटं रुंदीचं एकेक अंतर घेत पुढे जा. एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला पोचलात आणि कड जास्त उरली, तर बेत चुकलेला नसतो, मध्ये हात ताणला गेलेला असतो. दोन्ही टोकं आणि मध्य आधी पकडा, मग मधली जागा भरा.

हे काम बंद खोलीत नको. खिडक्या उघड्या, बाहेर हवा फेकणारा पंखा सुरू, तोंडावर रेस्पिरेटर. गोंदाची वाफ पेट घेते, म्हणून त्या जागेत गॅस, सिगारेट नको आणि कामाच्या पूजेची उदबत्तीसुद्धा बाहेरच लावा.

फोमच्या आतून लायक्राचं अस्तर चिकटवा. घाम ते शोषतं आणि फोम अंगाला घासत नाही. काख, गुडघ्यामागची वाट, कोपराची आतली बाजू इथे फोम ठेवूच नका. नुसतं ताणणारं कापड ठेवा आणि वरून खवले किंवा केस झुलू द्या.

८. डोकं

आता कुठे तोंडाची वेळ आली. हेल्मेटवर फोम चढवा म्हणजे वजन कपाळावर न येता सगळ्या कवटीवर वाटलं जातं आणि हनुवटीचा पट्टा डोकं डुलू देत नाही. कलाकाराचे डोळे बहुतेक वेळा राक्षसाच्या डोळ्यांमागे नसतात, ते उघड्या जबड्यामागे किंवा गळ्याच्या घडीत असतात. तिथे काळी जाळी आतून लावा. बाहेर उजेड आणि आत अंधार असला की जाळी दिसत नाही.

पंखे दोन हवेत. जबड्याजवळचा हवा आत घेतो, माथ्याजवळचा बाहेर फेकतो, कारण गरम हवा वर जाते. एकच पंखा लावला तर तीच गरम हवा फिरत राहते. पॉवर बँक घामापासून लांब, पाठीच्या बाहेरच्या खिशात ठेवा.

दात ईव्हीएचे करून वर लेटेक्स द्या. कडक दात कलाकाराच्या किंवा समोरच्या नटाच्या डोळ्यात जाऊ शकतात. खरा चकचकीत सुळा जवळच्या शॉटसाठी वेगळा ठेवा.

९. कातडी आणि रंग

लेटेक्सचा पहिला हात पातळ, फोमच्या छिद्रांत जिरेल असा. पुढचे तीन-चार स्पंजानं ठोकत. ठोकण्यातून पोत येतो, ब्रशच्या रेघा राहत नाहीत. प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. पांढरटपणा जाऊन पिवळसर पारदर्शक दिसलं की सुकलं. मग टाल्कम पावडर मारा, नाहीतर कातडी स्वतःलाच चिकटते. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या आणि लगेच धुवा.

किती हात द्यायचे? कमीत कमी. एक लिटर लेटेक्स सुकल्यावर अर्ध्या किलोहून जास्त रबर मागे राहतं आणि ते सगळं अंगावर जातं. शिवाय रबर वाळताना आक्रसतं, पातळ फोम त्यानं वाकतो.

रंग लेटेक्समध्येच मिसळा. नुसता ॲक्रिलिक वरून लावला तर पहिल्याच हालचालीत तडकतो. ओलं मिश्रण फिकट दिसतं, सुकल्यावर गडद होतं, म्हणून तुकड्यावर आधी चाचणी घ्या. आधी गडद पातळ रंग खळ्यांत सोडा, पुसा, मग कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर फिकट छटा. शेवटी शूटिंगच्याच दिव्याखाली मोबाइलवर चित्रीकरण करून बघा. बाजूनं पडणारा उजेड प्रत्येक सांधा उघडा पाडतो.

१०. चेन, हात, पाय

चेन पाठीत, कण्याच्या काट्यांखाली. ती प्लास्टिकचीच हवी. पितळ आणि तांबं यांच्या संपर्कात रबर खराब होतं, डाग धरतं. चेनमागे कापडाची पट्टी शिवा म्हणजे फोम दातांत अडकत नाही. पाय कॅनव्हासच्या बुटांवर बांधा, तळवा उघडा ठेवा. हातमोजे वेगळे निघणारे हवेत, पाणी पिताना आणि नाक खाजवताना माणसाला स्वतःचा हात लागतो.

११. अंगावर चढवून सराव

शूटिंगच्या किमान चार दिवस आधी पूर्ण पोशाखात सराव. वजन करा. मी कलाकाराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे जात नाही. मग घड्याळ लावून पोशाख काढा. डोकं दहा सेकंदांत आणि माणूस अर्ध्या मिनिटात बाहेर यायला हवा. येत नसेल तर चेन लांब करा.

सेटवर एक माणूस फक्त राक्षसासाठी ठेवा. त्याला दुसरं काहीही काम नको, त्याच्या खिशात कात्री हवी. डोक्यावर दोनदा थाप म्हणजे "आत्ता काढा", ही खूण दिग्दर्शकालाही माहीत हवी. मी सलग पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ देत नाही आणि प्रत्येक शॉटनंतर डोकं उतरवते. ओआरएसचं पाणी, ओला टॉवेल, सावली. कलाकार असंबद्ध बोलायला लागला, उलटी झाली, अंग तापून घाम थांबला, तर पोशाख कापा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. पोशाख पुन्हा करता येतो.

१२. पॅकअपनंतर

पोशाख उलटा करा, आतून आयसोप्रोपाइल अल्कोहोल फवारा, पंख्याखाली रात्रभर टांगा. ओला गुंडाळून पिशवीत घातला तर कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैत आठवड्यात बुरशी येते. उन्हात वाळवू नका, ऊन फोमला पिवळा आणि ठिसूळ करतं. साठवताना पोटात आणि पायांत वर्तमानपत्र भरून उभा टांगा. घडी पडलेला फोम परत फुगत नाही. दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगला जाताना एका डब्यात गोंद, फोमचे चार तुकडे, रंग मिसळलेलं लेटेक्स आणि पावडर घ्या. गुडघा आणि काख हमखास उघडतात, आणि गोंद सुकायला लागणारी पंधरा मिनिटं आदल्या संध्याकाळीच सहायक दिग्दर्शकाकडून मागून ठेवा.